दोन डोंगरांची फळी

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. नासपतीच्या लाकडाची, गोल, दोन वितींची. सध्या मी एका रांजणावर झाकण म्हणून बसते. रांजणात कोबी आणि मोहरीचा पाला आंबत असतो. त्या आंबट वाफेचा वास माझ्या अंगात इतका मुरला आहे की आता मला रंध्यानं तासलं तरी तो जायचा नाही. पण मी झाकण म्हणून जन्मले नव्हते. मी वर्ष सांगायला जन्मले होते.

वेइ नदीच्या वरच्या अंगाला, पिवळ्या मातीच्या टेकडीवर हताओवान नावाचं गाव आहे. तिथे कोउ वानहे नावाचा सुतार राहायचा. तो दारं करायचा, शेवया लाटायचे पाट करायचा, कुणी गेलं की शवपेटीही करायचा. एका हिवाळ्यात त्याच्या अंगणातली म्हातारी नासपती बर्फाच्या भारानं मोडली. त्यानं तिच्या फळ्या कापल्या, गवतात घालून तीन वर्षं सुकू दिल्या, आणि त्यातली सगळ्यांत शांत फळी निवडली. ती मी. शांत म्हणजे जिच्यात गाठ नाही, जी वाकायचं म्हणत नाही.

माझ्या कडेनं त्यानं चोवीस भोकं पाडली, अगदी आरपार. ती का, हे नीट ऐका, कारण माझी सगळी गोष्ट त्या भोकांतून जाते.

आमच्याकडचं नवं वर्ष चंद्राच्या चालीनं येतं, म्हणून ते कधी लवकर येतं, कधी उशिरा. पण राळ्याच्या रोपाला चंद्र कळत नाही, त्याला ऊन कळतं. म्हणून जुन्या लोकांनी सूर्याच्या वर्षाचे चोवीस टप्पे पाडले, एकेक सुमारे पंधरा दिवसांचा. एक टप्पा संपला की माझ्यातली जर्दाळूच्या लाकडाची खुंटी काढायची आणि उजवीकडच्या भोकात बसवायची. एवढंच माझं काम. खुंटी कुठे आहे ते बघून गाव ठरवायचं की राळा कधी पेरायचा, मेंढ्या कधी कातरायच्या, कोबी कधी आंबवायला घालायचा.

भोकांच्या आतल्या बाजूला वानहेनं आठ चिन्हं उठावात कोरायला घेतली. दर तीन भोकांना एक चिन्ह. प्रत्येकात तीन रेघा. रेघ अखंड असेल, नाहीतर मधोमध तुटलेली. अखंड रेघ म्हणजे ऊब आणि जोर, तुटकी म्हणजे गारवा आणि मऊपणा. आणि वाचायचं आतून बाहेर. माझ्या मध्याजवळची रेघ ती पायाची, कडेजवळची ती माथ्याची.

सगळ्यांत खाली पाणी आहे, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीपाशी. दोन तुटक्या रेघा आणि त्यांच्या पोटात एक अखंड. कडाक्याच्या थंडीत सूर्य परत फिरतो ना, तो तिथे लपलेला आहे. सगळ्यांत वर आग, सर्वांत मोठ्या दिवसापाशी. दोन अखंड रेघा आणि त्यांच्या पोटात एक तुटकी. ऊन भरात असताना गारव्याची फट पडते, ती ही. पाण्यानंतर येतो डोंगर, म्हणजे गोठलेली जमीन आणि थांबलेलं गाव. खाली दोन तुटक्या रेघा, माथ्यावर एक अखंड. मग वसंतात दिवस आणि रात्र सारखे होतात, तिथे गडगडाट. पायाशी एक अखंड रेघ, वर दोन तुटक्या. म्हणजे जोर मातीखाली जागा झाला आहे आणि वरची माती त्याला वाट द्यायला मऊ पडली आहे. पुढे वारा, आग, पिकवणारी जमीन, सुगीचं तळं, कोरडं आकाश, आणि पुन्हा पाणी.

आता माझी खोड सांगते. माझ्यावर दोन डोंगर आहेत आणि गडगडाट नाही. म्हणजे बरीच वर्षं नव्हता.

त्याचं असं झालं. वानहेची मुलगी माइफांग तेव्हा सात वर्षांची होती. बाप कोरत असला की ती समोर येऊन बसायची. तो तिला काड्या द्यायचा, अख्खी काडी म्हणजे अखंड रेघ, मोडलेली म्हणजे तुटकी. तिनं माझ्यावर काड्या मांडायच्या, त्यानं त्याबरहुकूम पेन्सिलीनं खुणा करायच्या आणि कोरायचं. तिनं पाणी मांडलं, बरोबर. आग, जमीन, आकाश, सगळं बरोबर. डोंगर, वारा आणि तळं वानहेनं स्वतः केलं. गडगडाट मात्र मीच मांडणार, असा तिनं हट्ट धरला. पायाची अखंड काडी तिनं आपल्या पोटाजवळ ठेवली आणि वर दोन मोडक्या. तिच्या बाजूनं अगदी बिनचूक. पण ती बसली होती माझ्या कडेच्या बाजूला आणि तिचा बाप मध्याच्या बाजूला. तिचा पाया तो त्याचा माथा.

पाणी, आग, जमीन, आकाश ही चार चिन्हं दोन्ही बाजूंनी सारखीच दिसतात, तिथे चूक व्हायला जागाच नव्हती. चार वेळा पोरगी चुकली नाही म्हणून पाचव्या वेळी बापानं बघितलं नाही. कोरून झालं, भुसा फुंकला, आणि वसंताच्या जागी दुसरा डोंगर उभा राहिला.

वानहे बराच वेळ माझ्याकडे बघत बसला. मला वाटलं, आता मी चुलीत जाणार. त्यानं मला भिंतीवर टांगलं.

गावानं चेष्टा सोडली नाही. शेजारचा शांग मेंढ्या घेऊन रोज सकाळी दारावरून जायचा आणि रोज काहीतरी बोलून जायचा. एकदा म्हणाला, "कोउदादा, तुमच्या फळीवर दोन डोंगर आहेत म्हणूनच आपल्या गावात एवढा चढ." दुसऱ्या वर्षी पाऊस लांबला तेव्हा त्यानं विचारलं की गडगडाट कुणा पाहुण्यांकडे ठेवायला दिलाय का. माइफांग लाजून आत पळायची. तिची आई पेइलान दारातूनच उत्तर द्यायची, "शांगभाऊ, तुमच्या मेंढ्या तेवढ्या मोजा. फळीवरचं मोजायला आमचे हे आहेत." आणि शांग गेला की नवऱ्याकडे वळून म्हणायची की त्या लाकडाचं रांजणाला झाकण केलं असतं तर घराला काही उपयोग तरी झाला असता.

माइफांग नऊ वर्षांची झाली तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही नीट का करत नाही?"

वानहेनं मला खाली उतरवलं आणि तिचं बोट धरून रेघांवर फिरवलं. "हे बघ. माथ्यावरच्या रेघेतला मधला तुकडा काढायचा आणि पायाच्या फटीत बसवायचा. झाला गडगडाट. बाहेर जास्त आहे तेच आत कमी आहे. नवं लाकूड लागत नाही, फक्त हलवायचं."

"मग हलवा."

"तू मांडलंस, तूच हलव. हात पक्का होऊ दे."

तो आणखी एक म्हणाला, ते मला नेहमी आठवतं. हे काम गडगडाटाच्या पंचेचाळीस दिवसांतच करायचं. थंडीत सरस धरत नाही आणि लाकूड तडकतं.

माइफांगचा हात पक्का झाला, मित्रांनो. चौदाव्या वर्षी ती बापासारखी पटाशी चालवू लागली. पण माझ्या अंगाला हात लावायचं म्हटलं की थांबायची. अजून एक वर्ष जाऊ दे, म्हणायची. वानहे घाई करायचा नाही. लाकूडकामात घाई त्याला ठाऊकच नव्हती. आणि मग अठराव्या वर्षी, नवं वर्ष साजरं करून ती गावातल्या दोघी मुलींबरोबर दूर समुद्राकाठी गेली, खुर्च्यांच्या कारखान्यात.

त्यानंतर ती दर वर्षी नव्या वर्षाला यायची. आता तुम्ही खुंटी डोळ्यांसमोर आणा. आमचं नवं वर्ष चंद्रावर चालतं, कितीही पुढेमागे झालं तरी ते वसंतातल्या सारख्या दिवसरात्रीपर्यंत पोचत नाही. कारखान्याची सुट्टी नव्या वर्षाचीच. म्हणजे माइफांग फार तर डोंगरात यायची आणि आठ दिवसांत परत जायची. जमीन गोठलेली, सरस थिजलेला. गडगडाट यायचा तेव्हा ती दोन दिवसांच्या प्रवासाइतकी लांब, यंत्रावर खुर्च्यांच्या पाठी कोरत असायची. असं एक वर्ष नाही, पंधरा वर्षं.

दर वसंतात वानहे खुंटी त्या खोट्या डोंगरापाशी आणायचा, तेलकट फडक्यातून एक बारीक पटाशी काढायचा, तिला धार लावायचा आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचा. पुढे त्याचे हात कापू लागले तरी धार लावणं सुटलं नाही. शांग म्हणाला, "दादा, आता तुम्हीच करून टाका की." वानहे म्हणाला, मला काय घाई आहे.

तोवर माझ्याकडे बघणारंही कुणी राहिलं नव्हतं. आधी छापील दिनदर्शिका आली, मग लोकांच्या खिशात फोन आले. पेरणीचा दिवस फोन सांगू लागला. शाळेची मुलं मला बघायला यायची, ती बंद झाली. शांगनंही थट्टा सोडली, आणि खरं सांगते, मला त्याची थट्टा फार आठवायची.

एका वर्षी सर्वांत मोठ्या रात्रीच्या दिवशी वानहेनं सकाळी खुंटी पाण्याच्या पहिल्या भोकात बसवली. पेइलाननं त्या दिवसाचे मोदकासारखे मांसाचे कानवले उकडायला घातले होते. जेवण झाल्यावर तो जरा पडतो म्हणाला आणि उठला नाही.

माइफांग आली, सहा दिवस राहिली, रडली आणि गेली. माझ्याकडे तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मी तिला दोष देत नाही. मी तिच्या बापाच्या जागेवर टांगलेली होते.

त्याच थंडीत रांजणाचं मातीचं झाकण तडकलं. पेइलाननं मला भिंतीवरून काढलं, रांजणावर ठेवून पाहिलं. चपखल बसले. कोरलेली बाजू तिनं खाली केली आणि सपाट पाठ वर, म्हणजे वर वाडगा ठेवता येईल. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. आयुष्यभर ती म्हणत आली होती तेच तिनं करून दाखवलं, असं मला वाटलं. अंधारात, आंबट वाफेत, तोंड खाली घालून मी रुसून राहिले.

पण पंधरा दिवसांनी एक गोष्ट घडली. पेइलाननं पाठीकडून खुंटी उपसली, उजवीकडच्या भोकात बसवली आणि त्यावरून अंगठा फिरवला. तिला वाचता येत नव्हतं, चिन्हं कळत नव्हती. तारीख ती शांगला विचारायची. पण नवरा खुंटी उजवीकडे सरकवायचा हे तिनं पंचवीसेक वर्षं पाहिलं होतं. भोकं आरपार होती, मग काय अडलं? एकही टप्पा तिनं चुकवला नाही. भिंतीवर असताना पंधरा दिवसांतून एकदा मला हात लागायचा. आता दिवसातून दोनदा ती मला उचलायची. माझा रुसवा गेला.

फक्त एक गोष्ट मला कळत होती आणि सांगता येत नव्हती. मी उलटी पडले होते. पाठीवरचं उजवं ते पोटावरचं डावं. पेइलान खुंटी पुढे सरकवत होती आणि माझ्या पोटावर वर्ष मागे चाललं होतं. पाण्यातून आकाशाकडे, आकाशातून तळ्याकडे. हिवाळ्यातून मागच्या सुगीकडे, सुगीतून मागच्या उन्हाळ्याकडे. वर्षातून दोनच दिवस ती बरोबर असायची, सर्वांत मोठ्या रात्री आणि सर्वांत मोठ्या दिवशी. एरवी बाहेर बर्फ वितळायचा तेव्हा माझ्या पोटावर राळ्याची कापणी चाललेली असायची.

अशी सव्वादोन वर्षं गेली. नव्या वर्षाला माइफांग यायची, पण रांजणाकडे फिरकायची नाही. आणि एका वसंतात माइफांग दारात उभी राहिली. कारखाना दुसऱ्या देशात हलला होता, आणि समुद्राकाठीच नवी नोकरी धरायच्या आधी तिला अडीच आठवडे मोकळे मिळाले होते. बापाचं थडगं झाडून त्यावर नवी माती घालायची होती, त्याचं तिसरं वर्ष होतं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा ती खुंटी डोंगर ओलांडणार तेव्हा घरी आली होती.

दुसऱ्या दिवशी पेइलान शेवया लाटत होती. तिनं हात पुसले, माझ्याजवळ आली, खुंटी काढून पुढच्या भोकात घातली.

"आज दिवस आणि रात्र सारखे," ती म्हणाली. "जा, रांजणातलं आंबट पाणी काढ दोन पळ्या."

माइफांग खुंटीकडे बघत राहिली. तिला बहुधा वाटलं होतं की बापाबरोबर खुंटीही थांबली असेल. मग तिनं मला उचललं, आणि वाफेचं पाणी झटकायला उलटं केलं. सव्वादोन वर्षांनी मी तिचं तोंड पाहिलं. कानाजवळचे केस पांढरे झाले होते.

खुंटीचं टोक तळ्यापाशी बाहेर आलं होतं, सुगीतल्या सारख्या दिवसरात्रीच्या भोकात. तिनं बोट ठेवून भोकं मोजली. पुन्हा मोजली.

"आई, तू वर्ष उलटं चालवलंयस."

"मी उजवीकडेच सरकवते. ते सरकवायचे तसं."

"अगं, फळी पालथी आहे. इकडचं उजवं तिकडचं डावं. तू दर वेळी मागं गेलीस."

पेइलाननं लाटणं खाली ठेवलं. मला वाटलं, ती आता म्हणेल, मला काय कळतं तुमच्या रेघांतलं. तिनं विचारलं, "किती मागं?"

"ते गेल्यापासून सव्वादोन वर्षं. म्हणजे ते जायच्या आधी सव्वादोन वर्षं."

पेइलान म्हणाली, "म्हणजे फळीच्या हिशोबानं तुझा बाप अजून आहे."

माइफांगनं पुन्हा खुंटीवर बोट ठेवलं.

"मग बघतेस काय," पेइलान म्हणाली. "तिसरा वाडगा काढ."

आणि त्या दुपारी खरोखर तीन वाडगे मांडले गेले. आंबट पाण्यातल्या शेवया, वर मिरचीचं तेल आणि कांद्याची पात. तिसऱ्या वाडग्यासमोर कुणी बसलं नव्हतं, पण पेइलाननं त्यात मिरची कमी घातली होती. ती म्हणाली, त्यांना झोंबते.

जेवण झाल्यावर माइफांगनं मला धुतलं आणि उन्हात वाळवलं. दोन दिवसांनी तिनं सरस गरम करायला ठेवला आणि तेलकट फडक्यातून पटाशी काढली. धार अजून होती. ती बापाच्या जागी बसली, माझ्या मध्याच्या बाजूला. पेइलान समोर येऊन बसली, कडेच्या बाजूला, जिथे सात वर्षांची माइफांग बसली होती.

माइफांगनं मान वर करून आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग ती हळूच उठून आईच्या बाजूला गेली. तिच्या खांद्याशी वाकून तिथून माझ्याकडे पाहिलं. तिथून तो डोंगर डोंगर नव्हताच, गडगडाट होता. लहानपणी जसा तिनं मांडला होता तसाच.

"मी चुकले नव्हते ग," ती म्हणाली. "मी फक्त इकडे बसले होते."

"मीपण," पेइलान म्हणाली.

माइफांग परत आपल्या जागी गेली. माथ्याच्या रेघेतला मधला तुकडा तिनं तळापासून सोडवला, नखाएवढा, पातळ. तो पायाच्या फटीत बसवला. बरोबर मापाचा होता, फक्त इतक्या वर्षांत लाकूड आटल्यामुळे एका बाजूला केसाएवढी फट राहिली. ती भरायला भुसा होता, पण तिनं भरली नाही. खुंटी आईच्या हातात दिली आणि जागा दाखवली. पेइलाननं ती स्वतः बसवली, गडगडाटाच्या पहिल्या भोकात.

तुम्हाला वाटत असेल, त्याच क्षणी आभाळ गडगडलं. नाही. आभाळ कोरडं होतं. माइफांगनं थडग्यावर माती घातली, पितरांसाठीचे कागद जाळले, अंगणातल्या नासपतीच्या जुन्या बुंध्याला फुटलेले धुमारे छाटले, आणि सतराव्या दिवशी ती गेली. पहिला गडगडाट झाला तो त्यानंतर चौथ्या दिवशी. पेइलान रांजणाजवळच होती. तिनं माझ्यावर तळहात ठेवला आणि फोन उचलून आधी मुलीला सांगितलं, ऐक, आला. तिकडे समुद्राकाठी काय ऐकू गेलं असेल कोण जाणे. यंत्रांचा आवाज फार असतो म्हणतात.

मला पुन्हा भिंतीवर टांगायचं माइफांगनं सुचवलं होतं. पेइलान म्हणाली, मग रांजणाला काय झाकू, तुझं डोकं? म्हणून मी अजून झाकणच आहे. फक्त आता पोट वर आहे. दर पंधरा दिवसांनी खुंटी सरकते, आणि पेइलान फोन करते. आज वारा लागला, म्हणते. आज आग. सगळी चिन्हं ती शिकली आहे. खुंटी सरकवल्यावर अजूनही ती एक क्षण डावीकडे, मागच्या भोकाकडे बघते. काय बघते ते मी विचारत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी पडलेलं असेल. ते चुकीचं आहे, जुनं आहे, त्याचा कशाला उपयोग नाही, असं तुम्हाला वाटेल. फेकायच्या आधी एवढं करा. समोरच्या बाजूला जाऊन बसा आणि तिथून एकदा पाहा. ते कुणी मांडलं होतं आणि ते कुठे बसलं होतं, हे तुम्हाला दिसेल. आणि कधी माझ्यासारख्या जुन्या लाकडावर हात ठेवलात तर लगेच उचलू नका. आम्हाला तेवढंच पुरतं.

आत्ता बाहेर बर्फ वितळतो आहे. माझी खुंटी डोंगराच्या तिसऱ्या, शेवटच्या भोकात आहे. या वर्षी गडगडाटात सुट्टी मागितली आहे, असं माइफांग फोनवर म्हणाली आहे. मिळाली असं अजून म्हणालेली नाही. पेइलान काल रांजण उघडायला आली तेव्हा तिनं पुढच्या रिकाम्या भोकावरची धूळ बाहीच्या टोकानं पुसली, आणि मला नेहमीपेक्षा जरा हळू परत ठेवलं.